अकरा देश आणि एक पॉपलर

अकरा देशांनी मिळून पॉपलर आणि विलो या झाडांवर पाच वर्षं संशोधन केलं. त्याआधीचं सव्वा वर्ष बोधचिन्ह ठरवण्यात गेलं. पॉपलरचं पान घ्यायचं की विलोचं, यावरून दोन तट पडले. शेवटी दोन्ही पानं एकमेकांना मिठी मारताहेत असं चित्र मंजूर झालं, आणि ते इतकं बारीक छापलं गेलं की बघणाऱ्याला तो कोबी वाटतो. इंग्रजी अहवालाच्या पुठ्ठ्याचा हिरवा रंग कुठल्या छटेचा असावा, यावर एक उपसमिती होती. ती अजून आहे.

मी या संशोधन केंद्रात लागवड सहायक. सव्वीस वर्षं. झाडं लावायची, नंबरचा बिल्ला अडकवायचा, दर पंधरवड्याला बुंध्याला टेप गुंडाळून घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. केंद्रात शास्त्रज्ञ सात आणि शेतात जाणारी मी एकटी. साहेब, म्हणजे आमचे संचालक, खिडकी उघडून विचारतात, "काय बाई, वाढताहेत ना?" मी हो म्हणते. मग खिडकी बंद होते आणि डायरीत 'क्षेत्रभेट' अशी नोंद होते.

पॉपलरचं एक बरं असतं, बियांच्या भानगडीत पडावं लागत नाही. थंडीत पानं गळून झाड झोपलं की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर कांडी छाटायची आणि ओल्या मातीत खोचायची. थंडी सरली की तिला पानं फुटतात. आणि ते मूळ झाडाचं पोर नसतं बरं का, हुबेहूब तेच झाड असतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा यावरच आहे.

तर योजना अशी होती. प्रत्येक देशानं आपल्या सगळ्यात चांगल्या पॉपलरच्या कांड्या उरलेल्या दहा देशांना पाठवायच्या, सगळ्यांनी सगळ्या लावायच्या आणि पाच वर्षांनी कुठलं झाड कुठे कसं वाढलं ते ताडून बघायचं. कल्पना चांगलीच होती. पण चांगली कल्पना समितीच्या हाती गेली की तिचं काय होतं, ते मी सांगायला नको. देशोदेशींच्या झाडांची नावं भारदस्त: 'उत्तरगौरव', 'रौप्यशिखर', 'नदीसम्राट'. आमचं 'प्रगती-१'. प्रगती-२ अजून झालेली नाही.

कांड्या लावल्या आणि दुसऱ्याच महिन्यात मी साहेबांना सांगितलं, "साहेब, सात नंबर पॉपलर नाही. विलो आहे. पानं बघा की, बोटासारखी लांब आलीत."

"बिल्ल्यावर सात आहे ना?"

"आहे."

"मग झालं. सात नंबरचं पॉपलर."

त्या बिचाऱ्या विलोला पाच वर्षं पॉपलर म्हणून मोजलं गेलं आणि दर वर्षी 'असमाधानकारक' असा शेरा मिळाला. मी असंही सांगितलं होतं की उरलेल्यांपैकी नऊ नंबर मला एकसारखे दिसतात. एकाच दिवशी फुटतात, एकाच आठवड्यात गळतात, सालीवरची खूणसुद्धा तीच. साहेब खूश झाले. म्हणाले, "यालाच सहकार्य म्हणतात बाई."

पाच वर्षांचे आकडे आले तेव्हा प्रत्येक देशात त्या त्या देशाचंच झाड पहिलं आलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे प्रगती-१ पाटाच्या कडेला होतं आणि पाहुणे दहाजण मुरमाड उतारावर. हे आधीच ठरवून केलेलं होतं आणि अहवालात त्याला 'चिठ्ठ्या टाकून केलेली मांडणी' म्हटलं होतं. इतर देशांतही पाट असणारच. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग समारोपाच्या अहवालाला जरा शोभा यावी म्हणून कुणाला तरी पानांची जनुकीय तपासणी करायची हुक्की आली. आमचा भूखंड सगळ्यांत नीट राखलेला आहे, असं समितीनंच लिहून ठेवलेलं, म्हणून पानं आमच्याकडून मागवली. मी अकरा पाकिटं भरली, अकरा नंबर घातले, पाठवली.

निकाल आला तेव्हा साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं. अकरांपैकी एक विलो होतं. एक खरोखरच वेगळं पॉपलर होतं. आणि उरलेले नऊ, म्हणजे उत्तरगौरव, रौप्यशिखर, नदीसम्राट आणि आमच्या प्रगतीसकट सगळे, एकच झाड निघाले. सारखे नव्हेत. एकच.

मला हसू आवरेना. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, त्यांना वाटलं मला धक्का बसला.

मला ते झाड माहीत होतं. ते पंपघरामागं उभं आहे. चाळीस वर्षांपूर्वी माझे वडील या केंद्राच्या रोपवाटिकेत माळी होते. पंपघराच्या गटारीत त्यांना एक आपोआप उगवलेलं रोप दिसलं, त्याचा जोम बघून त्यांनी ते उपटलं नाही, कुंपण घातलं. चार वर्षांत ते छताच्या वर गेलं. त्या काळात परदेशी शास्त्रज्ञ केंद्राला भेट द्यायला यायचे आणि केंद्राकडे त्यांना द्यायला माहितीपत्रकांखेरीज काही नसायचं. ती पत्रकं पाहुणे खोलीत विसरून जायचे. पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये, हा बाबांचा नियम. ते प्रत्येकाला त्या झाडाच्या पाच कांड्या छाटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून द्यायचे. गाठ मारताना सुतळीवर बोट ठेवायचं काम माझं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

पाहुणे घरी गेले, कांड्या लावल्या, झाड बघून हरखले आणि आपापल्या देशाचं नाव देऊन मोकळे झाले. त्यात आमचे साहेबही आले. 'प्रगती-१' हे नाव सात वर्षांपूर्वीचं, आणि कांड्या पंपघरामागून मीच आणून दिल्या होत्या. त्यांना वाटलं असेल, गटारीकाठचं झाड म्हणजे सरकारी.

त्या दिवशी मी घरी धावत गेले म्हटलं तरी चालेल. बाबा आता एक्याऐंशीचे. गुडघे गेलेत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात.

"बाबा, तुमच्या कांड्या! पाहुण्यांना द्यायचात त्या!"

"त्यांचं काय?"

"लागल्या. आठ देशांत लागल्या. मोठाली झाडं झालीत."

बाबांनी मला खाली बसायला लावलं. मग म्हणाले, "लागल्या?"

"लागल्या."

"कुणी कळवलं नाही."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. राग आला, आणि रडूही आलं. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली गोष्ट होती ती. कुणीच कधी कळवलं नाही, म्हणून बाबा धरून चालले होते की सगळ्या कांड्या वाटेत वाळल्या. आपलं बांधणं चुकतं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. गोणपाट सोडून ते शेवाळात बांधू लागले. मग टोकांना मेण लावून पाहिलं. तरी कुणाचा निरोप नाही. निवृत्त झाल्यावरही मध्येच कधी जेवताना थांबून म्हणायचे, "मेण आधीपासून लावायला हवं होतं." माणसाच्या हाताला गुण असतो यावर त्यांचा विश्वास, आणि आपल्या हाताचा गुण कुंपणापलीकडे जात नाही, हे त्यांनी गुपचूप मान्य करून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी ते दोनदा जेवले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढे टंकलेला कागद ठेवला. 'मी, खाली सही करणारी लागवड सहायक, कबूल करते की बिल्ले अडकवताना माझ्याकडून अनवधानानं अदलाबदल झाली व त्यामुळे आठ पाहुण्या क्रमांकांवर आमच्याच प्रगती-१ च्या कांड्या लावल्या गेल्या.'

"साहेब, हे खोटं आहे."

"बाई, जरा विचार करा. नऊ देशांची इज्जत आहे."

"आणि माझी?"

"तुमचं अनवधान आहे. अनवधानाला शिक्षा नसते, समज असते. सही केली नाहीत तर मात्र चौकशी. त्यात नोकरीही जाऊ शकते."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी म्हटलं, "एक साधा उपाय आहे. या आठ देशांना सांगा, घरच्या जुन्या झाडाची चार पानं थेट प्रयोगशाळेला पाठवा. बिल्ले माझे चुकले की नाही, आठवड्यात कळेल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तेच तर टाळायचंय ना बाई."

मी कागद घेऊन भूखंडावर गेले. समज मिळेल, मिळू दे. सव्वीस वर्षांत एकदा समज मिळाली म्हणून कुणी मरत नाही. पण कागदाचा अर्थ काय होत होता? आमच्या भूखंडावरचे नऊ जण आमचेच, म्हणजे परदेशातून तसलं काही आलंच नाही. म्हणजे परदेशात ते झाडच नाही. म्हणजे बाबांची एकही कांडी कुठे लागली नाही, आणि हे मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं, तेही ते दोनदा जेवल्यावर.

मी सही करत नाही हे बघून साहेबांनी गूळ लावायला सुरुवात केली. गुरुवारी समारोपाची सभा होती, अकराही देशांचे प्रतिनिधी येणार होते. "त्यात जुन्या कर्मचाऱ्याचा सत्कार ठेवू," साहेब म्हणाले. "तुमच्या वडिलांचा. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, फोटो. मग चहा. आणि चहानंतर तुम्ही सही करा. कसं?"

बाबांना घेऊन मी गेले. सही करायची नाही हे ठरलं होतं, पण त्यांना ती माणसं बघायची होती.

सभागृहात कोबीच्या चित्राचा भलामोठा पडदा होता. बाबांना पुष्पगुच्छ दिला, 'मनुष्यबळ योगदान' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं आणि टाळ्या वाजल्या. मग चहाची सुट्टी झाली. प्रतिनिधी कपबशा घेऊन उभे होते. त्यांच्या अध्यक्षांना पांढरी दाढी होती. बाबांनी ती दोन मिनिटं निरखली आणि दुभाषी बाईंना हाक मारली.

"यांना विचारा हो, तुम्ही काळी दाढी असताना आला होतात ना? पाच कांड्या दिल्या होत्या. किती लागल्या?"

दुभाषी बाईंनी विचारलं. दाढीवाल्यांनी कप बशीत ठेवला. आपल्याला असं काही आठवत नाही, असं म्हणाले.

बाबांनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मग नसणार लागल्या. तुमच्याकडे थंडी फार, आणि तुम्ही सगळे कागदातले. प्रत्येकाला जमतंच असं नाही. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

हे भाषांतर पोचलं आणि दाढीवाल्यांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं झाडांचा अभ्यास केलेल्या माणसाला वीतभर कांडी लावता येत नाही, असं एका माळ्यानं दयेनं म्हणावं! "नाही लागल्या?" ते म्हणाले. "पाचच्या पाच लागल्या! आज दोन माणसांच्या कवेत मावत नाही आमचं झाड!"

शेजारी टोपीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "दोन? आमच्याला तीन लागतात. आणि मी तर कांड्या मोज्यात घालून नेल्या होत्या. विमानतळावर कुत्रं हुंगत होतं, तरी मी हूं की चूं केलं नाही."

मग बांध फुटला. एका उंच गृहस्थांच्या गुरूंनी कांड्या छत्रीतून नेल्या होत्या आणि त्यांचं झाड चार मजली इमारतीच्या वर गेलं होतं. त्यावर पलीकडून कुणीतरी म्हणालं, चार मजल्यांचं कौतुक काय, आमच्या झाडावर वीज पडली तरी ते हललं नाही. खिशातले फोन बाहेर आले, फोटो फिरू लागले, एकमेकांचे फोटो लहान करून दाखवण्यात आले. आठजण आठ तोंडांनी बोलत होते आणि दुभाषी बाईंना श्वास घ्यायला सवड नव्हती. विलो पाठवणाऱ्या देशाचा माणूस एकटाच बिस्किट खात बसला होता.

बाबा मध्ये बसून प्रत्येकाला तेच विचारत होते, "साल कशी आहे? तुकतुकीत?" त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

मी माझी वही काढली आणि जसं जसं बोललं गेलं तसं लिहून घेतलं. कुणी, कोणत्या साली, किती कांड्या, कशातून, आज घेर किती. ती माझी नोकरीच आहे.

चहा संपल्यावर सगळे पुन्हा टेबलाशी बसले. आपण काय बोलून बसलो ते एकेकाच्या ध्यानात येत होतं. दाढीवाले खाकरले. म्हणाले, "चहाच्या सुट्टीतलं बोलणं हा कामकाजाचा भाग नसतो. इतिवृत्तात बिल्ल्यांची अदलाबदल घ्यावी." सगळ्यांनी हात वर केले. पाच वर्षांतला पहिला एकमताचा ठराव. अळीमिळी गुपचिळी.

साहेबांनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. बाबांनी वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाले, "कर सही. झाडं लागली, मला कळलं. कागदावर काय का असेना. तुझी नोकरी राहू दे."

"बाबा, चाळीस वर्षांपूर्वी पण तुम्ही 'कागदावर काय का असेना' असंच म्हणाला असाल," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. दुभाषी बाई सवयीनं भाषांतर करून गेल्या. मी पेनाचं टोपण लावलं. सव्वीस वर्षांत मी घेर एका दोऱ्यानंसुद्धा फुगवून लिहिला नाही, तर हे कसं लिहू?

दुसऱ्या दिवशी मला निलंबनाचं पत्र मिळालं, चौकशीची तारीख महिन्यानंतरची. अहवाल तर छापायला गेलाच होता. मी घरी बसले, बाबांचं औषधपाणी बघू लागले आणि रोज चौकशीत काय बोलायचं ते आरशासमोर म्हणू लागले.

दोन आठवड्यांनी बाबांच्या नावानं पत्रं यायला लागली. पहिलं दाढीवाल्यांचं, मग टोपीवाल्या बाईंचं, आणि दहा दिवसांत एकूण आठ. सगळ्यांवर 'अत्यंत गोपनीय'. मजकूर थोड्याफार फरकानं एकच. ज्या देशाला कांडी सर्वांत आधी मिळाली, त्यानंच दिलेलं नाव त्या झाडाला टिकणार, असा नियम आहे म्हणे. तर विज्ञानाच्या हितासाठी, आपण पहिली कांडी आम्हालाच दिलीत, असं दोन ओळींत लिहून द्यावं. आणि ही गोष्ट कृपया इतर सात देशांना कळू देऊ नये.

आठ जणांनी, आठ सह्यांनिशी, कबूल केलं होतं की झाड त्यांनी आमच्याकडून नेलं! मी छायाप्रती काढून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी आठही वाचल्या. घाम पुसला. तासाभरात निलंबन मागं घेतल्याचा आदेश निघाला आणि चौकशी 'तांत्रिक कारणास्तव' रद्द झाली. वर साहेब मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "बाई, पहिली कांडी आपल्या संस्थेलाच मिळाली ना? वडिलांना एकदा विचारून बघा." हसू दाबायला दात ओठात रुतवावे लागतात.

घरी येऊन मी बाबांना आठही पत्रं वाचून दाखवली. माझी नोकरी परत मिळाली होती, मी तोऱ्यात होते. बाबांनी शेवटचं पत्र संपू दिलं. मग म्हणाले, "झाडाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही?"

मी पत्रं पुन्हा चाळली. नव्हतं लिहिलं. घेर नाही, साल नाही, पालवी आली की नाही, काही नाही. नियम, हक्क आणि गोपनीयता.

"पहिली कांडी कुणाला दिली होतीत, आठवतं का?" मी विचारलं.

"आठवतं की. पण ते सांगितलं तर उरलेले सात पुन्हा तोंड उघडतील का?" बाबा खुर्चीत सरसावून बसले. "कागद घे. लिही. पहिली कांडी तुम्हालाच दिली होती, हे मला नीट आठवतं. खाली लिही, पक्का दाखला देण्याआधी झाडाची तब्येत कळायला हवी. दर वर्षी पालवी कधी येते, घेर किती भरला, शेंडा वाळला आहे का, ते सविस्तर कळवत जा. न कळवल्यास माझी आठवण बदलू शकते."

"हेच सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुझं अक्षर चांगलं आहे."

सव्वीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. त्या दुपारी एका बैठकीत आठातल्या सात केल्या, आणि आठही पत्रांखाली अगदी स्वच्छ अक्षरात साक्षीदार म्हणून माझी सही केली.